घोड्याची शाळा आणि परक्याचे रान

घोडदौडीच्या शर्यतींचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा शेवटच्या खांबापाशी उभे असतात. कोणत्या साली कोणता घोडा जिंकला, त्याचा मालक कोण, स्वार कोण, आई-बाप कोणते, पाठीवर वजन किती होते, यांच्या नोंदी दोन-अडीचशे वर्षे मागे जाऊन सापडतात आणि त्या वाचण्यात एक प्रकारची गंमतही आहे. परंतु एक साधा प्रश्न या नोंदींतून सुटलेला दिसतो. शर्यत पाच-दहा मिनिटांची असते. तिच्यामागची तयारी महिनोन् महिने चालते. ती तयारी होते कोठे? भरधाव धावता धावता माणसाच्या छातीएवढा अडथळा ओलांडायला घोडा शिकतो, तो कोणाच्या जमिनीवर? पैलवानाला तालीम लागते, गवयाला एक खोली पुरते. घोड्याला मात्र मैलभर सलग रान लागते, आणि असे रान फुकट पडलेले नसते. ते कोणाचे तरी असते. या लेखात आम्ही शर्यतीचे मैदान बाजूला ठेवून त्या रानाचा इतिहास पाहणार आहोत. तो मुख्यतः इंग्लंड-आयर्लंडचा आहे, कारण कुंपणांवरून उड्या घेत धावण्याची शर्यत तेथेच जन्मली. तो चाळताना आमच्या ध्यानात असे आले की, हा इतिहास घोड्यांचा थोडा आणि जमिनीच्या मालकीचा पुष्कळ आहे.

प्रथम शब्दांविषयी. मराठीत नव्या घोड्याला वळण लावणाऱ्यासाठी चाबूकस्वार हा नेमका शब्द आहे, रोजच्या फेरीला रपेट आहे, सुटलेल्या धावेला चौखूर आहे. ज्या लांब पट्टीवर घोड्याला धाववून त्याचा दमसास वाढवतात तिला इंग्रज गॅलप म्हणतात, आणि अडथळे ओलांडायला शिकवण्याला स्कूलिंग. या लेखापुरते आम्ही पहिलीला रपेटीची पट्टी आणि दुसऱ्याला उडीची शाळा म्हणू.

रपेटीच्या पट्टीकडून अपेक्षा थोड्या, पण अवघड असतात. काही फर्लांगांची सलग लांबी, शक्यतो शेवटाकडे चढ, आणि पाणी चटकन निचरणारी परंतु उन्हात दगड न होणारी जमीन. चढावर घोड्याला कमी वेगातच पुरेसे कष्ट पडतात, म्हणजे फुप्फुसे तयार होतात आणि पुढच्या पायांना धक्का कमी बसतो. कडक जमिनीवर रोज धावणाऱ्या घोड्याच्या पुढच्या पायांतील कंडरा दुखावतात, आणि एकदा कंडरा फाटली की वर्ष वाया जाते; पुष्कळदा घोडाच वाया जातो. उडीच्या शाळेचे तंत्र निराळे. आधी जमिनीवर टाकलेले वासे, मग ओंडके, मग लहान अडथळे, मग साडेतीन फुटांचे हर्डल, आणि शेवटी बर्चच्या काटक्या घट्ट बांधून केलेले, किमान साडेचार फूट उंचीचे खरे अडथळे. नवख्या घोड्यापुढे किंवा शेजारी एखादा अनुभवी घोडा सोडतात. त्याचे पाहून नवखा आपली टाप कोठे पडली पाहिजे याचा अंदाज बांधायला शिकतो. हे सगळे अंगणात होण्यासारखे नाही.

इंग्लंडात हे प्रथम सुव्यवस्थितपणे जेथे झाले ते न्यूमार्केट. पहिला जेम्स राजा १६०५ मध्ये तेथे आला आणि शिकारीसाठी पुन्हा पुन्हा येत राहिला. त्याचा नातू दुसरा चार्ल्स याने तर दरबारच तेथे नेऊन बसवला. १६७१ मध्ये तेथील टाउन प्लेटची शर्यत त्याने स्वतः स्वार होऊन जिंकली. त्याच्या लाडक्या घोड्याचे नाव ओल्ड राउली, त्यावरून तेथील एक मैलाची धावपट्टी आजही राउली माइल म्हणून ओळखली जाते. राजांना न्यूमार्केट आवडले याचे कारण तेथील हीथ, म्हणजे उघडे माळरान. वर मातीचा पातळ थर, खाली पांढरी चुनखडी. नांगरणाऱ्याला निरुपयोगी, मेंढपाळाला बरी आणि घोड्याला उत्तम. पावसाचे पाणी चुनखडीतून निघून जाते आणि शतकानुशतके मेंढ्यांनी खुडलेल्या गवताची लवचीक हिरवळ वर राहते. अशी हिरवळ पेरून लगेच मिळत नाही. ती जुनी व्हावी लागते.

परंतु उघड्या माळाला कोणीही येते. आपल्या घोड्याची तयारी कितपत झाली हे गुप्त ठेवण्यात मालकांचा मोठा स्वार्थ असे, कारण पैजा त्यावर लागत. चाचणीच्या धावा चोरून पाहून बातमी विकणाऱ्यांचा तेथे धंदाच होता. याहून वाईट प्रकारही घडले. १८११ मध्ये घोड्यांच्या पाण्याच्या कुंडांत सोमल कालवल्याने तेथे घोडे दगावले, आणि अशाच विषप्रयोगाबद्दल डॅनिएल डॉसन नावाच्या इसमाला १८१२ मध्ये केंब्रिजला फाशी झाली. १७५० च्या सुमारास स्थापन झालेल्या जॉकी क्लबने या माळावरची जमीन हळूहळू आपल्या हाती घेतली. नको असलेल्या माणसाला हीथवरून हुसकावण्याचा क्लबचा अधिकार १८२७ मध्ये न्यायालयात सिद्ध झाला, तो कसा, हे पाहण्यासारखे आहे. पोर्टलंडच्या ड्यूकने हॉकिन्स नावाच्या गृहस्थावर दावा लावला, आणि तो खेळाच्या कोणत्याही नियमाखाली नव्हता. परक्याच्या जमिनीवर अतिक्रमण केल्याचा तो साधा दावा होता. शर्यतींच्या जगात पुढे दीड-दोन शतके ज्या हद्दपारीचा दरारा राहिला, तिचे मूळ असे सातबाऱ्यात आहे, असे आम्ही आपल्याकडच्या भाषेत म्हणू. खेळावर सत्ता कोणाची, याचे उत्तर रान कोणाचे, या प्रश्नात होते.

आता उडीकडे वळू. सपाट धाव कोठेही सुचली असती. कुंपणांवरून धावणे सुचायला आधी कुंपणे असावी लागतात. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडच्या मध्यभागातील पुष्कळ शेती उघडी होती. गावच्या मोठ्या शिवारात प्रत्येकाच्या पट्ट्या विखुरलेल्या, आणि गायरानावर साऱ्यांच्या गुरांचा हक्क. पार्लमेंटने एकामागून एक कायदे करून हे शिवार मोडले आणि त्याचे स्वतंत्र मालकीचे तुकडे पाडले. १६०४ ते १९१४ या काळात असे पाच हजारांहून अधिक कायदे झाले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडच्या एकपंचमांशाहून थोडी अधिक, कुंपणाआड गेली. त्यातला मोठा भाग १७५० नंतरच्या शंभर वर्षांतला. तुकडा मिळाला की त्याभोवती काटेरी झुडपांची वई लावायची आणि तिच्या कडेने चर खणायचा, असा रिवाज होता. ज्यांच्याजवळ कागद नव्हता, केवळ वहिवाट होती, त्यांची गाय आणि सरपण दोन्ही गेले. ग्रामीण इंग्लंडच्या दुःखाचा हा एक मोठा अध्याय आहे.

त्याच कुंपणांनी श्रीमंतांच्या करमणुकीला नवा रंग आणला. लेस्टरशायरमध्ये ह्यूगो मेनेल याने १७५३ ते १८०० अशी जवळजवळ पन्नास वर्षे कोल्ह्याच्या शिकारीचे एक पथक चालवले आणि वेगवान कुत्री पैदा केली. कुत्री वेगाने धावू लागली तसे घोडेही धावू लागले, आणि त्याच काळात वाटेत कुंपणे उगवू लागली. थांबून फाटक उघडीत बसणारा मागे पडे. म्हणून उडी आली. उडीच्या घोडदौडीतले जुने शब्द या शेतांचीच साक्ष देतात. बैलांनी वई तुडवू नये म्हणून तिच्यापुढे आडवा वासा बांधीत, त्या अडथळ्याला ‘ऑक्सर’ म्हणू लागले. ज्या उंच वाढलेल्या वईच्या शेंड्यांतून घोड्याने अंग ओरबाडून घेत पार व्हायचे, ती ‘बुलफिंच’. एकाची गाय ज्या कुंपणाने अडवली, त्याच कुंपणावरून दुसऱ्याचा घोडा उडाला. उडीच्या शर्यतीचे कौतुक करताना हे विसरू नये, असे आम्हांस वाटते.

पहिली अशी शर्यत १७५२ मध्ये आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात झाली असे सांगतात. कॉर्नेलियस ओकॅलॅहन आणि एडमंड ब्लेक या दोघांनी पैज मारली आणि बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत, सुमारे साडेचार मैल, वाटेत येईल ते ओलांडीत घोडे फेकले. दुरून दिसणारे चर्चचे टोक, म्हणजे स्टीपल, हीच खूण. त्यावरून ‘स्टीपलचेस’ हे नाव. धावपट्टी नाही, अडथळे बांधलेले नाहीत. दोन गावांमधल्या साऱ्या शेतकऱ्यांच्या वया आणि चर हीच शर्यत. आणि घोड्याची शाळा? ती निराळी नव्हतीच. घोडा हिवाळाभर शिकारीमागे धावला की तेच त्याचे शिक्षण. परक्याचे रान हीच शाळा आणि तेच परीक्षेचे ठिकाण.

ही सोय शेतकऱ्यांच्या जीवावर होती. १८३० मध्ये सेंट ऑल्बन्स येथे टॉमस कोलमन या खानावळवाल्याने वार्षिक स्टीपलचेस सुरू केली. तिचा मार्ग आयत्या वेळेपर्यंत गुप्त ठेवीत, म्हणजे कोणी आधी जाऊन वाट पाहून येऊ नये. स्वारांना हे अन्यायाचे वाटे. ज्याच्या उगवत्या पिकातून पन्नास टापा जाणार त्या शेतकऱ्याला काय वाटत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. १८३९ मध्ये लिव्हरपूलजवळ एंट्री येथे जी शर्यत झाली, तिला पुढे ग्रँड नॅशनल म्हणून कीर्ती मिळाली. तिच्यातही नांगरलेली शेते आणि एक दगडी भिंत होती. कोणाही स्वाराने फाटक उघडू नये, फाटकातून जाऊ नये, आणि रस्त्याने वा पाऊलवाटेने शंभर यार्डांहून अधिक जाऊ नये, अशी अट होती. सरळ वाट असताना ती वापरायची नाही, शेतातूनच जायचे! ती शर्यत लॉटरी नावाच्या घोड्याने जिंकली. त्याचा मालक जॉन एल्मोर घोड्यांचा व्यापारी. लंडनच्या वायव्येस अक्सेंडन येथे त्याचे शेत होते. आज त्या शिवारावर लंडनची उपनगरे पसरली आहेत.

ही परिस्थिती फार काळ टिकणार नव्हती. शर्यतीला तिकीट लावायचे तर प्रेक्षकांना ती एका जागेवरून दिसली पाहिजे. म्हणून ती शेतांतून उठून बांधीव मैदानात आली आणि खऱ्या वईच्या जागी बर्चच्या काटक्यांचा अडथळा आला. १८६६ मध्ये नॅशनल हंट समिती स्थापन होऊन उडीच्या शर्यतींना स्वतंत्र नियमावली मिळाली. इकडे शेतातही बदल झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वस्त काटेरी तार आली. वई राखायला माणसे लागत, तारेला काही लागत नसे. पण वईत लपलेली तार घोड्याला दिसत नाही, आणि तिच्यावर गेलेला घोडा बहुधा परत येत नाही. शिकारीच्या मंडळांनी निधी उभारून, हंगामापुरती तार काढून घेण्यासाठी शेतकऱ्यांना पैसे दिले. शंभर वर्षे फुकट वापरलेल्या रानाचे भाडे अखेर असे द्यावे लागले. येथून पुढे घोड्याला उडी शिकवायची तर शाळा मुद्दाम बांधणे भाग पडू लागले, आणि शाळा बांधायला जमीन हवी.

जमिनीचा शोध साहजिकच चुनखडीच्या टेकड्यांकडे गेला. बर्कशायरमधील लॅम्बोर्न हे गाव याचे ठळक उदाहरण. भोवती उघड्या, गवताळ टेकड्या, मोठी झाडी नाही. अशा ठिकाणी एकामागून एक ट्रेनर येऊन राहिले आणि पुढे तो प्रदेश शर्यतीच्या घोड्यांचे खोरे म्हणून ओळखला जाऊ लागला. परंतु उत्तम हिरवळही थंडीत गोठते आणि उन्हाळ्यात टणक होते. त्यावरचा जुना उपाय मोठा कल्पक होता. कातडी कमावण्यासाठी ओकची साल वापरतात; वापरून झालेल्या सालीचा चोथा कारखान्यांतून आणून पट्टीवर पसरत. चामड्याच्या कारखान्याचा कचरा घोड्याच्या टापांखाली गेला आणि हिवाळ्यातली रपेट सुटली. दुसऱ्या महायुद्धात धान्यासाठी अशा टेकड्यांवरचे पुष्कळ जुने गवत नांगरले गेले. देशाला भाकरी हवी होती, त्याबद्दल तक्रार करता येत नाही. पण मेंढ्यांनी शतकानुशतके घडवलेली ती हिरवळ एका हंगामात गेली, ही नोंद करावीच लागते.

युद्धानंतरच्या तीन माणसांच्या तीन वाटा पाहिल्या म्हणजे पुढचा इतिहास कळतो. पहिला आयर्लंडचा व्हिन्सेंट ओब्रायन. कॉर्कमधील वडिलोपार्जित जागा अपुरी पडू लागल्यावर त्याने १९५१ मध्ये टिपररी परगण्यात बॅलिडॉइल हे शेत विकत घेतले. ते लहान लहान वावरांत विभागलेले होते. त्याने मधले बांध आणि वया काढून टाकल्या, चर बुजवले, आणि सलग पट्ट्या तयार केल्या. मग याच रानात तयार झालेल्या अर्ली मिस्ट, रॉयल टॅन आणि क्वेअर टाइम्स या घोड्यांनी १९५३, १९५४ आणि १९५५ अशी ओळीने तीन वर्षे ग्रँड नॅशनल जिंकली. येथे क्षणभर थांबावेसे वाटते. कुंपणे होती म्हणून उडीची शर्यत जन्मली. आणि त्या शर्यतीचा एक अतिशय यशस्वी शिक्षक आपली शाळा उघडताना प्रथम खरी कुंपणे पाडतो, मग त्या जागी खोटी उभारतो. कुंपण आता कोणालाही अडवण्यासाठी उरले नव्हते. ते फक्त ओलांडण्यासाठी होते.

दुसरा जिंजर मॅकेन. याच्याजवळ विकत घ्यायला शेत नव्हते आणि पाडायला कुंपणही नव्हते. साउथपोर्ट या समुद्रकाठच्या गावात त्याचा मोटारींचा धंदा होता, आणि मोटारींच्या दुकानामागे लहानशी पागा. रपेटीला त्याने गावचा समुद्रकिनारा घेतला. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहायचे, ट्रॅक्टरमागे दंताळे बांधून ओली वाळू भुसभुशीत करायची आणि घोडे सोडायचे. १९७२ मध्ये त्याने सहा हजार गिनींना रेड रम नावाचा घोडा घेतला. उड्या तो आधीच शिकलेला होता, पण त्याच्या खुरातील हाडाला सूज येण्याचा जुना विकार निघाला. थंड खारे पाणी आणि मऊ वाळू यांनी त्याला आराम पडला. रेड रमने १९७३, १९७४ आणि १९७७ अशी तीन वेळा ग्रँड नॅशनल जिंकली. मधल्या दोन वर्षी तो दुसरा आला. एकाही अन्य घोड्याला ती तीनदा जिंकता आलेली नाही. लोक याला घोड्याची आणि दैवाची कथा मानतात. आम्हांस ती सार्वजनिक किनाऱ्याची कथाही वाटते. पायांना मानवणारे रान त्या घोड्याला मिळाले ते कोणाच्याही खासगी मालकीचे नसलेल्या, दिवसातून दोनदा समुद्राने धुऊन दिलेल्या वाळूवर.

तिसरा मार्टिन पाइप. हा जुगाराचे दुकान चालवणाऱ्याचा मुलगा. ट्रेनरांच्या घराण्यातला नव्हे. डेव्हन-सॉमरसेटच्या सीमेवर निकोलसहेन येथे त्याने चढावर एक लहान कृत्रिम पट्टी तयार केली, आणि मैदानी धावपटूंप्रमाणे घोड्याला थोडे धाववायचे, थोडी विश्रांती द्यायची, पुन्हा धाववायचे अशी पद्धत चालवली. लांबलचक माळाची गरजच त्याने कमी केली. पंधरा वेळा तो उडीच्या शर्यतींतला अव्वल ट्रेनर ठरला आणि २००६ मध्ये निवृत्त झाला. ऐंशीच्या दशकापासून लाकडाचा भुसा, मेण लावलेली वाळू आणि कृत्रिम धागे यांच्या पट्ट्या सर्वत्र पसरल्या. आता गोठणे नाही, टणक होणे नाही. जुन्या हिरवळीची मक्तेदारी संपली, परंतु जमिनीचा प्रश्न संपला नाही. अशी पट्टी बांधायला आणि राखायला मोठा पैसा लागतो. म्हणून दोन-चार घोड्यांचा लहान ट्रेनर अजूनही पहाटे घोडे गाडीत घालून दुसऱ्याच्या पट्टीवर जातो आणि घोड्यामागे पैसे मोजतो. आयर्लंडात तर शर्यती संपल्यावर त्याच मैदानातील अडथळ्यांवर, शुल्क भरून, नवख्या घोड्यांना उड्या शिकवून नेतात. परक्याचे रान सुटत नाही ते नाहीच.

परक्याच्या रानावर नांदण्याचा समंजस मार्ग कोणता? लंडनच्या दक्षिणेस एप्सम येथे त्याचे एक उत्तर मिळते. डर्बी शर्यतीचे हे गाव. तेथील टेकड्यांवर लंडनकर फिरायला, पतंग उडवायला आणि नुसते बसायला येतात, आणि त्याच टेकड्यांवर घोड्यांची रपेट चालते. १९३६ मध्ये आणि पुन्हा १९८४ मध्ये पार्लमेंटने खास या टेकड्यांसाठी कायदा केला. लोकांचा फिरण्याचा हक्क मान्य केला, घोड्यांच्या सरावाचा हक्कही मान्य केला, आणि दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी असलेले मंडळ देखरेखीला नेमले. सकाळचे तास घोड्यांचे. पुढचा दिवस इतरांचा. न्यूमार्केटलाही आज सुमारे अडीच हजार एकर सरावाची जमीन आणि पन्नास मैलांच्या आसपास हिरवळीच्या पट्ट्या आहेत. दर घोड्यामागे शुल्क भरून ट्रेनर त्या वापरतात. घोडे दुपारी एकपर्यंत, त्यानंतर गावकरी. ज्या माळावरून हॉकिन्सला हुसकावले गेले, तेथे आता दुपारी कोणीही कुत्रा घेऊन फिरू शकतो.

याच न्यूमार्केटशी एका मराठी घराण्याचा संबंध आला होता. बडोद्याचे प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९४५ मध्ये एक वर्षाचे शिंगरू २८ हजार गिनींना घेतले. शिंगरासाठी तोवर मोजलेली ती विक्रमी किंमत. आजोबांचे नाव त्याला दिले, सयाजीराव. त्याने १९४७ मध्ये सेंट लेजर जिंकली. महाराजांनी न्यूमार्केटला वॉरन हिल या प्रसिद्ध चढाजवळची वॉरन प्लेस ही पागा विकत घेतली होती. पण घोडा आणि पागा विकत घेता आली तरी समोरचा चढ जॉकी क्लबचा. त्यावर रपेटीला जायचे ते इतरांप्रमाणे क्लबच्या नियमांनी आणि क्लबच्या परवानगीने. संस्थानिकाच्या घोड्यालाही तेथे परक्याच्याच रानात शाळा होती.

हा विषय आम्हांस सुचला तो मुंबईत. महालक्ष्मीच्या मैदानावर सकाळी फिरायला गेलो असताना एका कठड्याच्या अलीकडे बूट घातलेले नागरिक आणि पलीकडे वाफाळत्या नाकपुड्यांचे घोडे, असे दृश्य आम्ही पाहिले आहे. १८८३ पासूनचे हे मैदान सुमारे २११ एकरांचे; जमीन सरकारची आणि महापालिकेची, क्लब भाडेकरू. भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला. बराच काळ वाद होऊन २०२४ मध्ये करार झाला की, १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी द्यावेत आणि ९१ एकर क्लबकडे राहावेत. दाटीवाटीच्या शहरात बागेची मागणी रास्त आहे; गायरान गमावलेल्यांची बाजू वर मांडल्यावर आम्ही तिला विरोध कसा करणार? शर्यतींवर पैसे लावण्याबद्दलही आम्हांस आस्था नाही. तरी एक फरक नोंदवावासा वाटतो. एप्समने आणि न्यूमार्केटने तास वाटून घेतले. आम्ही एकर वाटून घेतले. तास वाटले की रान सलग राहते आणि दोघांचेही राहते. एकर वाटले की मध्ये कुंपण येते, आणि कुंपण एकदा आले की ते कोणाला अडवील हे लावणाऱ्याच्याही हाती राहत नाही, असे या अडीचशे वर्षांच्या इतिहासावरून दिसते.

घोडा याबाबत काहीच सांगू शकत नाही. त्याला जमीन कोणाची हे कळत नाही. ती मऊ की कडक, सलग की तुटकी, एवढेच त्याच्या पायांना कळते. उरलेले माणसांनी ठरवायचे असते. ते ठरवताना निदान इतके ध्यानात असावे की, विजेत्यांच्या यादीतील प्रत्येक नावामागे कोठेतरी एक माळ, एक चढ किंवा ओल्या वाळूचा पट्टा आहे, आणि तो कोणाकडून तरी मागून, विकत घेऊन किंवा हिरावून मिळालेला आहे.